कारण, एका ओळीत

पारोळ्याला तहसील कचेरीसमोर, झेरॉक्सच्या पत्र्याखाली
माझं टेबल आहे, एका पायाखाली विटेचा तुकडा.
अठ्ठावीस वर्षं मी इथे लोकांच्या गोष्टी टाइप करतो.
सुरुवात सगळ्यांची एकच :
मी, खाली सही करणार, वय अमुक, धंदा शेती,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की

त्या 'की'पाशी माणसं अडतात.
मग मी विचारतो. कोण? कुठे? कधी?
एवढ्या तीन खुंट्यांवर गोष्ट टांगता येते,
बाकी रडणं घरी.

'बांध सरकला' असं सांगत येतात.
बांध सरकत नसतो, दादा, सरकवणारा सांगा.
व्याकरणात त्याला कर्ता म्हणतात,
कचेरीत सामनेवाला.
उपमा मी खोडतोच. 'जावई सापासारखा',
तर साहेब विचारतात, चावला का?
अतिशयोक्ती नुकसानीच्या अर्जात तेवढी चालते,
तिथे पंचनामा करणाराही चिमूटभर घालतो.

मंगळवारी तामसवाडीची हर्षाली देवरे आली,
मागे बाप, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली.
नाशिकला नोकरी लागतेय, म्हणाली, कागद लागतात.
फॉर्मवर पप्पांचं नाव वाचलं की लोक मान खाली घालून हसतात.
उखर्डू झिपरू देवरे.
याचं उत्कर्ष करा.

कागद चढवला, 'की'पर्यंत आलो.
कारण? म्हटलं. एका ओळीत बसलं पाहिजे.
तयार वाक्य आहे माझ्याकडे, सगळ्यांना तेच देतो.
पण मध्येच म्हातारा बोलला,
आणि गोष्ट त्यानं भलतीकडूनच धरली :
पसाभर जवारी.

पसाभर जवारी देऊन मायनं त्याला विकत घेतलं होतं,
शेजारच्या गोधाबाईकडून.
गोधाबाईला तो उकिरड्यावर सापडला होता.
उकिरड्यावर मायनंच ठेवला होता, सुपात घालून,
आणि पाठ फिरवून उभी राहिली होती, वीस पावलं मोजून.
त्याच्या आधी तीन झाले होते.
राजधर. हिरामण. तिसऱ्याचं त्याला आठवेना.
चांगली नावं होती, म्हणाला. चांगली होती म्हणून तर.

म्हणजे मरण गावात आलं असणार,
घरोघर नावं वाचत,
आणि या नावाशी येऊन म्हणालं असणार,
उकिरड्यात काय बघायचं,
आणि पुढे गेलं.

माझी बोटं कळांवरून उठली.
शाळेत रूपक शिकलो होतो, मुखचंद्र वगैरे,
पाच मार्कांना, सोदाहरण.
हे त्यात नव्हतं.
एका अंगठेबहाद्दर बाईनं
एकाच वाचकासाठी रचलेली गोष्ट,
जो सगळं वाचतो, अगदी बारीक अक्षरसुद्धा,
फक्त उपरोध त्याला कळत नाही.
आणि तीन अक्षरी गोष्ट चौसष्ट वर्षं पुरली.

हर्षाली मोबाइल बघत होती. तिला ही माहीत असावी,
किंवा इतक्यांदा अर्धवट ऐकलेली की माहीत नसावी.
लिहा ना काका, म्हणाली. साडेपाचची बस आहे.

म्हातारा माझ्याकडे वाकला, कचेरीत बोलतात तसा हळू :
"आते चांगलं नाव लावं,
आनि त्यानी ते वाचं, ते?"

ती हसली.
मग बापाच्या तोंडाकडे बघून थांबली.

स्टँपला सहा महिने मुदत आहे, म्हणालो मी,
खरंतर कोणी विचारलं नव्हतं.
तिनं पैसे दिले, अर्ध्या कामाचे पूर्ण.
म्हाताऱ्यानं टोपी झटकली, घातली,
एसटीचा हॉर्न आला तसे दोघं लगबगीनं निघाले,
तो पुढे, ती मागे, पाण्याची बाटली त्याच्या हातात.

रोलर फिरवून मी कागद काढला.
'की'च्या पुढे कोरा.

पुढचा माणूस बांधाचं घेऊन आला होता.